आधी कोकरू पल्याड

सखूमावशीला भीती वाटली की ती लपवत नसे. चारचौघांत, मोठ्या आवाजात जाहीर करत असे. पाथरीच्या जीपमध्ये चढताना, दवाखान्यात सुई टोचून घेताना, कुणाच्या नव्या बैलाजवळून जाताना, इतकंच काय, लग्नात विहिणीची ओटी भरतानासुद्धा ती आधी थांबायची, पदर खोचायची आणि सांगायची, "मला लय भ्याव वाटायलंय बरं का. जरा दमानं घ्या." एवढं सांगून झालं की ते काम करून टाकायची. भीती वाटते म्हणून तिनं एखादं काम सोडलं, असं मी कधी पाहिलं नाही. एक काम सोडून. त्या एकाबद्दल पुढं सांगतोच.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, पेडगावच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाला लागून. माझी आई आणि सखूमावशी, दोघींचं माहेर गंगाखेडकडच्या राणीसावरगावच्या बाजूचं, म्हणून ती मावशी. रक्ताचं नातं काही नव्हतं. तिचं घर मेंढरांचं, आमचं शेतीचं. सोयाबीन निघालं की तिचा कळप आमच्या रानात बसायला यायचा. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीखत पडतं, रानाला कस येतो, आणि त्याच्या बदल्यात आई मावशीच्या घरी ज्वारी पाठवायची. गावात तिला 'भ्याववाली सखू' म्हणत. तिचे यजमान, आमचे काका, फार कमी बोलायचे. कुणी त्यांना बायकोवरून चिडवलं तर म्हणायचे, "हिचं भ्याव बंद झालं की मला सांगा. मंग मी भिईन."

करोनाची लस आली तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. नर्सबाई शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसल्या होत्या आणि सगळा गाव हापशाजवळ उभा. पुढं कुणी जाईना. भीती वाटते असं मात्र एकानंही म्हटलं नाही. एकाला मोटार बंद करायची आठवण झाली, एकाच्या म्हशीला ताप होता, एकजण तर म्हणाला, आधी जेवण झालेलं असावं लागतं. मावशी काठी टेकत सरळ टेबलापाशी गेली. "बाई, मला लय भ्याव वाटायलंय. माझे गुडघे बघा कसे हलायलेत. पण टोचा."

नर्सबाई हसल्या. "एवढं भ्याव वाटतंय तर उद्या या की मावशी."

"उद्या काय कमी वाटणार हाय का? उद्याला इचार करून करून वाढंल."

टोचून झाल्यावर दंड चोळत ती हापशाकडं वळली आणि सगळ्यांत मोठ्या मिशांच्या माणसाला म्हणाली, "दाजी, तुमाला तर भ्याव वाटत न्हाई ना? मंग या की फुडं." माणसं हसली, आणि हसता हसता रांग लागली.

माझी भीती दुसऱ्या जातीची होती. ती मी कुणाला सांगू शकत नव्हतो, कारण सांगणं हे नरड्याचं काम होतं आणि ती बसायची नेमकी नरड्यात. नववीत मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचावा लागायचा. पाळी एकेक बाक पुढं सरकत माझ्याकडं यायला लागली की हात गार पडायचे, गळा आवळत जायचा. एकदा उभा राहिलो आणि तोंडातून आवाजच आला नाही. मुलं हसली. सर हसले नाहीत, नुसतं "बस" म्हणाले. ते "बस" मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. दिवाळीची सुट्टी संपली आणि मी शाळेत गेलोच नाही. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दोनदा सायकलवर बसवून नेलं, मी दोनदा मागच्या गेटानं परत आलो. "यात भ्यायचं काय?" असं अण्णा विचारायचे, आई विचारायची, गल्लीतली माणसं विचारायची.

मावशीनं तो प्रश्न विचारला नाही. त्या दिवसांत मेंढरं आमच्या रानात बसली होती. मी बांधावर होतो. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "गजू, भ्याव वाटतंय व्हय रं?"

"व्हय."

"कुठं वाटतंय?"

"शाळेत."

"आरं शाळंत न्हवं. अंगात कुठं? पोटात का नरड्यात?"

"नरड्यात."

"माझं गुडघ्यात असतंय," ती म्हणाली, आम्ही दोघांनी एकाच दुकानातून चपला घेतल्यासारखी. मग थोडा विचार करून, "नरड्याचं बेकार. पण पाय चालतेत ना तुझे? मंग चल माझ्यासंगं. मेंढरांला काय धडा वाचून दाखवायचा नसतोय."

अशी माझी शाळा सुटली आणि मेंढरांमागची चाल सुरू झाली. मावशीचं भ्याव गावासारखंच मीही गमतीत घ्यायचो; तिच्याखेरीज कुठल्याही जाणत्या माणसानं मला तोवर सांगितलं नव्हतं की त्यालाही भीती वाटते. मला वाटायचं, सगळ्या गावात हा माल देवानं एकट्या मला दिला आहे. मावशीच्या गुडघ्यांनी मला पहिल्यांदा सोबत दिली.

आता ते एक काम. मावशी रेल्वेत बसायची नाही. मी अगदी लहान असताना पेडगावच्या पुढं धुक्यात तिची मेंढरं रुळावर गेली होती. गाडीचा आवाज आला की मेंढरं पळत नाहीत, भिऊन एकमेकांना चिकटतात. ती रुळावरच गोळा झाली. मावशी काठी घेऊन दहा पावलांवर उभी होती, आणि तिला काही करता आलं नाही. त्यानंतर शिट्टी ऐकली की ती असेल तिथं खाली बसायची. कळप फाटकातून न नेता लांबच्या मोरीखालून न्यायची. माहेरी जायला गंगाखेडपर्यंत रेल्वे किती सोयीची, पण ती एसटीनं, गाड्या बदलत, अर्धा दिवस घालवून जायची. रेल्वेचा विषय निघाला की म्हणायची, "मेल्यावर बी मला त्या गाडीत घालू नका." यावर काकाही काही विनोद करत नसत.

चरायला रान बदलायचं म्हणजे दुधना ओलांडावी लागे. नदीला पाणी गुडघ्याच्या वर नसलं तरी मेंढरू पाण्याला फार भितं. पहिल्या वर्षी मावशी म्हणाली, "एक मेंढरू आधी पल्याड न्यावं लागतंय. मंग बाकीचे येतेत." मला वाटलं, आपण हुशारी दाखवू. कळपातला सगळ्यात दांडगा एडका मी शिंगाला धरला आणि ओढत, घसरत, चिखल खात पलीकडं नेला. एडक्यानं अंग झाडलं आणि तो निवांत चरायला लागला. अलीकडच्या मेंढरांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मावशी काठावर बसून पोट धरून हसत होती. "आता आण त्येला माघारी."

त्याला परत आणताना मी दोनदा पडलो. मी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एडका पल्याड गेला काय आन् अल्याड ऱ्हायला काय, कुणाचं काय अडलंय त्याच्यावाचून? ज्येच्यात जीव अडकलेला असतोय ते न्यायचं असतंय आधी." कळपात एक म्हातारी मेंढी होती. तिच्या गळ्यात घंटा असायची आणि बाकीची तिच्या मागं चालायची. मावशीनं त्या घंटेवालीचं कोकरू उचललं, घोंगडीत गुंडाळलं आणि पाण्यात पाय घालत नदीला म्हणाली, "आई, मला लय भ्याव वाटायलंय. वढू नको बाई." पाणी जसं वर चढलं तसं तिचं बोलणं वाढत गेलं. पलीकडं जाऊन तिनं कोकरू खाली ठेवलं आणि बाजूला झाली. कोकरू ओरडलं. घंटेवाली काठावरून इकडं पळाली, तिकडं पळाली, पाण्यात पाय घालून मागं आली, आणि मग तिनं उडी घेतली. घंटेचा आवाज पाण्यात शिरला तसा सगळा कळप मागून गेला. मी मागच्या एका मेंढराला घाई करायला ढकललं, तर ते माझ्याच अंगावर आलं.

"ढकलू नको," मावशी पलीकडून ओरडली. "ढकललं की त्येचं सगळं बळ माघारी लागतंय."

लोकर कातरून झाली की मेंढरांवर खूण करतात. मावशीच्या मेंढरांची खूण म्हणजे डाव्या मांडीवर गेरूचे दोन पट्टे. ते काम तिनं माझ्याकडं दिलं. एका दुपारी गेरू उरला होता, आईकडून कपड्यांची नीळ आणली, चुना होताच. मी घंटेवालीच्या पाठीवर मोर काढला. मान, तुरा, पिसारा सगळं. संध्याकाळी कळप गावात शिरला तेव्हा पोरं मागं पळाली, मग माणसं आली. एकजण म्हणाला, "सखे, हिला आता परभणीच्या प्रदर्शनात ने." काका म्हणाले, "मोर तर झाली. आता नाचती का बघा."

मावशी हसली नाही. बराच वेळ मेंढीभोवती फिरून पाहत राहिली. मग मला विचारलं, "हे करताना नरडं आवळलं का?"

मी आठवून पाहिलं. "न्हाई."

"मंग हेच कर की रं बाबा."

तोवर माझ्या मनात काय आहे हे मलाच नीट माहीत नव्हतं. नंतर मात्र दुसरं काही सुचेना. मी बकरीचे केस काडीला बांधून ब्रश बनवले, जुन्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ते ठेवले. गावात रंगाचे डबे उरले की लोक ते मला आणून द्यायला लागले. मावशी भेटेल त्याला माझं नाव सांगायची. तिनंच पेडगावच्या एका शेतकऱ्याकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं काम आणलं. नवी कोरी ट्रॉली पाहून मी ब्रश खाली ठेवला. "मावशी, चुकलं तर?"

"मेंढरावर चुकलं तर काय करतो?"

"लोकर वाढली की जातंय."

"मंग ट्रॉलीवर चुकलं तर वरून दुसरा रंग दे. ट्रॉली काय शेंबूड पुसत रडणार हाय का?" असं म्हणून ती समोर बांधावर बसून राहिली, मी पहिली रेघ मारीपर्यंत. मग उठून मेंढरांकडं गेली. ट्रॉलीवर मी सूर्यफुलं काढली. अजून ती ट्रॉली पेडगावच्या रस्त्यावर दिसते, असं आई सांगते.

मानवतच्या जिनिंगवर कापसाच्या गाठी न्यायला दक्षिणेकडचे ट्रक यायचे. तिथं एकदा मी एका ट्रकचा मागचा फाळका पाहिला आणि जागचा हललो नाही. दोन हंस, मध्ये कमळ, कमळाच्या एकेका पाकळीला तीन तीन छटा. रंग असा की त्यात तोंड दिसावं. ड्रायव्हरनं विचारलं, "क्या देखता?" मी मोबाईलमधला ट्रॉलीचा फोटो त्याच्यापुढं धरला. त्यानं तो निरखला आणि तिथूनच कुणाला तरी फोन लावला. तमिळनाडूत एक गाव आहे, तिथं ट्रकच्या बॉड्या बांधतात आणि रंगवतात. तिथल्या रंगकामाच्या मास्तरला त्यानं माझ्या कामाचे फोटो पाठवले. मास्तरचा निरोप आला. राहायला जागा, खायला जेवण, शिकवीन, पोराला पाठव.

एवढी सोपी गोष्ट. पण त्या दिवसापासून मी रोज अडचणी मोजत बसायला लागलो. भाषा येत नाही, गाडी बदलावी लागणार, स्टेशनवर कुणाला काय विचारायचं, आणि विचारताना आवाज निघाला नाही तर? अण्णा म्हणाले, "जायचं तर जा, न्हाई तर नको जाऊ, पर एक काय ते ठरव." मी ठरवलं, पिशवी भरली, एकटा परभणीला गेलो. गाडी आली, थांबली, सुटली. मी फलाटावरच्या नळापाशी उभा होतो. संध्याकाळी परत गावात उतरलो तेव्हा जीपवाला म्हणाला, "काय गज्या, तमिळनाडू लय जवळ आलं का?" त्यानंतर बरेच दिवस पोरं मला पाहिलं की गाडीची शिट्टी वाजवायची.

मावशी एकदा मेंढरांना पाणी पाजताना म्हणाली, "त्या दिशी पाय बी गेले व्हय रं?"

"गेले."

"हं," ती म्हणाली, आणि मेंढरं वळवायला गेली.

मग मास्तरचा फोन आला. या महिन्यात येत असशील तर ये, नाहीतर दुसरा पोरगा घेतो. मला कळत होतं की ही शेवटची वेळ आहे. आता राहिलो तर आयुष्यभर ट्रॉलीवरची सूर्यफुलं दाखवत बसणार, आणि भीतीला माझं घर कायमचं माहीत होणार. मी पुन्हा पिशवी भरली. आईनं धपाटे बांधून दिले. नेमकी तेव्हाच रानातल्या मोटारीला लाईट येणार होती, अण्णांना हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, ते जीपपर्यंत आले आणि पाठीवर हात ठेवून परत फिरले. जीप सुटता सुटता मावशी घोंगडी खांद्यावर टाकून आली. "मला बी परभणीला काम हाय. मेंढरांचं औषध आणायचंय." स्टेशनच्या आत ती येणार नाही, हे मला माहीत होतं.

ती आत आली. फलाटावर भिंतीला पाठ लावून, रुळांकडं न पाहता उभी राहिली. गाडी येताना शिट्टी वाजली तशी ती मटकन खाली बसली. गाडी थांबल्यावर उठली. माणसं चढायला लागली. मी माझ्या डब्यासमोर उभा होतो आणि तेच झालं. पाय जमिनीत रुतले. पिशवी पाठीवर, ब्रशचा पत्र्याचा डबा छातीशी. एक पायरी होती. ती मला चढवेना.

मला वाटलं, आता मावशी मला ढकलेल. तिनं माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. मग माझ्या हातातला डबा काढून घेतला. तो घोंगडीत गुंडाळला, काखेत धरला, पदर खोचला.

"मला लय भ्याव वाटायलंय," ती सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाली. "सरा. बाजूला सरा."

आणि ती गाडीत चढली.

खिडकीतून मला दिसत होतं. ती एका बाकावर टेकली, डोळे गच्च मिटले, डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला. तिचे गुडघे इतके हलत होते की डब्यातल्या काड्या वाजत असणार. शिट्टी झाली.

"मावशी, उतर. गाडी सुटायली."

"कळतंय मला," ती डोळे न उघडता म्हणाली. "गुडघ्याला सांग."

"मावशी, उतर म्हणतो ना."

गाडीला झटका बसला. मावशीनं डबा आणखी जवळ ओढला. ज्या गाडीनं तिची मेंढरं नेली त्या गाडीत ती एकटी बसली होती, माझे ब्रश घेऊन. पुढचं मला सांगता येत नाही. पाय कधी सुटले, दांडी कधी धरली, कुणी हात दिला, काही आठवत नाही. मी डब्याच्या दारात उभा होतो आणि परभणीचा फलाट मागं चालला होता.

मी तिच्याजवळ गेलो तेव्हा तिनं शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचा हात धरला होता. "दादा, सोडू नका. तुमची ओळख न्हाई, पर सोडू नका." त्याची बायको समोरून म्हणाली, "धरा धरा, बाई. त्यांच्या हाताला तेवढंच काम."

"मावशी, तुझं तिकीट?"

"मी बसणार हाय हे मला तरी कुठं ठावं होतं?"

पोखर्णी स्टेशन गेलं. गाडीचा आवाज अचानक बदलला, पोकळ झाला, तशी तिनं विचारलं, "गंगा आली का?"

"आली." गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.

तिनं एक डोळा उघडला. खिडकीतून खाली पाहिलं. "पाणी लय खाली हाय गं बाई," ती म्हणाली, आणि मग दुसराही उघडला. पुलाचे खांब एकेक करत मागं जात होते आणि ती त्यांच्याकडं पाहत होती. पूल संपला, आवाज पुन्हा साधा झाला. तिनं घोंगडीतून डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"घे. आता तुझं तू बघ."

गंगाखेडला ती उतरली. फलाटावर उतरल्यावर आधी खांबाला धरून उभी राहिली, मग माझ्या खिडकीशी आली. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. ती म्हणाली, "राहू दे. तोंडातून नसंल निघत तर नसू दे. आता आलेच हाय तर माहेराला जाऊन येते. पर भावजय भिईल, म्हणंल काय झालं म्हणून रेल्वेनं पळत आली." गाडी निघाली तेव्हा ती घोंगडी हलवत उभी होती. नंतर आईकडून कळलं की तिनं स्टेशनच्या दारातल्या माणसाला आपणहून जाऊन सांगितलं, मी बिनतिकिटाची हाय, मला लय भ्याव वाटत होतं. त्यांनी तिला बसवून पाणी दिलं.

मी इथं तमिळनाडूत आलो त्याला आता काही वर्षं झाली. पहिले महिने मी खुणांनीच बोललो. मास्तर चांगला माणूस आहे, त्याला रेघ बोललेली पुरते. आधी घासायला दिलं, मग अस्तर, मग किनारी, मग फुलं. आता मागचे फाळके माझ्याच हातात असतात. भीती गेलेली नाही. नव्या बॉडीसमोर उभा राहिलो की हात अजून गार पडतात, आणि दर वेळी वाटतं, या वेळी जमणार नाही, या वेळी लोकांना कळेल. मग मी मोठ्यानं, आपल्या भाषेत सांगून टाकतो, मला लय भ्याव वाटायलंय. इथल्या पोरांना आता ते शब्द पाठ झाले आहेत. मी ब्रश घेऊन नुसता उभा दिसलो की त्यांच्यातलं कुणीतरी "भ्याव, भ्याव" म्हणतं आणि बाकीचे थोडे लांब सरकून मला जागा देतात.

प्रत्येक फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यात मी एक छोटं मेंढरू काढतो. गळ्यात घंटा, डाव्या मांडीवर दोन तांबडे पट्टे. मालक विचारतात, हे काय? मी सांगतो, आमच्या घरची खूण आहे.

परवा दुपारी मावशीचा फोन आला. मागं गलका चालला होता. म्हणाली, "गजू, मानवतच्या रस्त्यावर मेंढरं पार करत होते. एक टरक थांबला. भोंगा वाजवून वाजवून बेजार केलं त्यानं. मेंढरं गेली, टरक फुडं सरकला, आन् बघते तर मागं आपलं मेंढरू."

"मंग?"

"मंग काय, पळत फुडं जाऊन काठी आडवी घातली. जाऊच दिना त्येला. त्येला माझं कळंना, मला त्येचं कळंना. शेवटी आपली एक मेंढी धरून आणली, तिची मांडी दाखवली, मंग टरकावरची दाखवली. खाली उतरून बघितलं त्यानं, आन् लय हसला. फोटो काढला माझा. फोटोला बी भ्याव वाटलं मला, पर काढू दिला."

तो फोटो इथं मास्तरच्या मोबाईलवर येऊन पोचला होता. मावशी, काठी, मागं कळप, आणि फाळक्यावरचं मेंढरू. मास्तरनं तो सगळ्यांना दाखवला आणि मग मला सांगितलं की उद्यापासून एक अख्खा ट्रक, पुढून मागपर्यंत, एकट्या माझा. मी मावशीला ते सांगितलं.

तिनं विचारलं, "अजून वाटतंय का रं?"

"वाटतंय की."

"कुठं?"

"नरड्यात."

"म्हंजे जाग्यावरच हाय," ती म्हणाली. "माझं बी."

तेवढ्यात तिच्या मागं लांबून शिट्टी ऐकू आली. मी विचारलं, "मावशी, कुठं हायस तू?"

"परभणीला. भावजय बिमार हाय, माहेराला चाललेय. ह्या वेळंला तिकीट काढलंय." गलका वाढला, गाडी जवळ येत असल्याचा आवाज आला. "आता ठेव फोन. गाडी आली. मला लय भ्याव वाटायलंय."

मी फोन ठेवला नाही. तिलाही तो बंद करायचं सुचलं नसावं. गाडी थांबल्याचा आवाज आला, माणसांची घाई आली, आणि त्यातून तिचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा.

"सरा. बाजूला सरा."